उकळत्या मोटारीचं पाणी

भांड्यात रोज पाणी उकळलं की बुडाला पांढरा थर धरतो. कितीही घासा, थोडा राहतोच. आमची मोटार बारामती-इंदापूर रस्त्यावर चार उन्हाळे उकळली आणि माझ्याकडं गोष्टींचा असाच थर साठला! कोणी चहाला टेकलं की म्हणतं, "द्वारकाबाई, ती आंबिलीची सांगा." आंबिलीची सांगितली की नारळाची. तोंड दुखायला लागलं, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच काढावं. मराठी चार यत्ता झाल्यात माझ्या. शुद्धलेखनाला मास्तर हसतील. हसू देत! त्यांनी कधी मोटारीला पाणी पाजलंय?

आधी माणसं सांगते. मोटार चालवायचे आमचे मालक, म्हणजे माझा नवरा. क्लीनर म्हाळू, पन्नाशीचा धनगर. मेंढरं गेली, घोंगडी राहिली. आणि पुढच्या बाकावर मी. मळ्यातली भाजी इंदापूरला न्यायची, आणि पायाशी पाण्याच्या दोन घागरी सांभाळायच्या. यावरनं बारामतीत बोलणं झालं. "माळ्याची सून ड्रायव्हरशेजारी बसती!" मी त्या बोलणारीच्या दारात जाऊन सांगितलं, "ड्रायव्हर माझा नवरा हाय. त्याच्याशेजारी नको, तर तुझ्या नवऱ्याशेजारी बसू?" पुन्हा बोलणं झालं नाही.

मोटार विलायती, पुण्याच्या कुण्या साहेबानं वापरून टाकलेली. मागं लाकडी बाकं ठोकलेली. समोर भलं मोठं पितळी नाक. त्या नाकाला रेडिएटर म्हणतात. त्याचं काम सोपं आहे, न्हाणीतला बंब ज्यानं बघितलाय त्याला कळेल. इंजिनात आग, आगीभोवती पाणी. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, नाकातल्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं. उतरताना समोरचं वारं आणि मागचा पंखा त्याला गार करतात. गार झालं की पुन्हा इंजिनाकडं. नव्या मोटारींत पाणी ढकलायला पंप असतो. आमचीत नव्हता. पाणी आपल्या मर्जीनं फिरायचं. मर्जी फिरली की उकळायचं.

आणि उकळलं की आम्ही आधी सूर्य किती वर आला ते बघायचो. कारण टपालाची थैली! सकाळच्या छोट्या आगगाडीनं बारामती स्टेशनात थैली यायची, ती आमच्या मोटारीतून इंदापूरला जायची. अकराच्या आत पोचली पाहिजे. एका महिन्यात तीनदा उशीर झाला की थैली धोंडीशेठकडं. धोंडीशेठची मोटार नवी, पंपवाली, आणि तो त्याच दिवसाची वाट बघत बसलेला. उतारूंचं काय, कधी दहा, कधी दोन आणि एक बोकड. थैली मात्र रोज. थैली गेली की आमची मोटार म्हणजे अंगणातलं कोंबड्यांचं खुराडं.

हे एवढं ध्यानात ठेवा. आता नारळापासून सुरू करते.

*

मोटार घरी आली त्याच दिवशी तिला मोरगावला गणपतीच्या दर्शनाला नेली. बरोबर माझे दीर, रामभाऊ भावजी. तालमीतला गडी, हाताचा पंजा भाकरीएवढा.

हार घातला नाकाला. कुंकू लावलं नाकाला. नारळ फोडायचा देवळाच्या दगडावर, पण भावजी म्हणाले, "पूजा मोटारीची, मग नारळ दगडावर का? मोटारीवरच फोडू."

मालक म्हणाले, "हळू मार."

भावजींना हळू मारायचं ठाऊक नव्हतं. एकच दणका दिला. नारळाला काही झालं नाही. मोटारीच्या नाकातून मात्र पाण्याची धार लागली.

 भावजींनी हातातला नारळ बघितला, खालची धार बघितली, आणि हात जोडून ओरडले, "मोरया! पाणी आलं!"

त्या नारळाची मी चटणी केली. चांगली झाली. गळती मात्र चार वर्षं राहिली.

*

तांबटानं कथलाचा डाग देऊन फट बुजवली. तो म्हणाला, "वैनी, हंड्याचं बूड असतं तर हातोहात करून दिलं असतं. हितं शेकडा नळ्या हायत. एक दाबली की शेजारीण रडती." तसंच झालं. पाणी थेंब थेंब ठिबकत राहिलं.

मग बारामतीतल्या प्रत्येकाला रेडिएटरातलं कळायला लागलं. कोणी शेण सांगितलं, कोणी अंड्याचं पांढरं, कोणी हळद. म्हाळू म्हणाला, "रांजण गळाया लागला तर आमची म्हातारी ज्वारीचं पीठ थापायची. आतनं पीठ सोडा, फट आपसूक धरंल."

मालकांनी मूठभर सांगितलं. म्हाळूचा हात मोकळा. त्यानं शेरभर ओतलं.

गळती थांबली! मालक खूश. लासुर्ण्यापर्यंत मोटार अशी गेली की वाटलं पीठ हेच खरं औषध. मग वास यायला लागला. स्वयंपाकघरातला, ओळखीचा वास. पुढं कचेरीतले एक कारकून बसले होते, पांढरा कोट, इंदापूरच्या कोर्टात कागद घेऊन निघालेले. मोटार थांबवली तसे तेही बघायला उतरले.

मालकांनी फडकं धरून झाकण फिरवलं मात्र, झाकण उडालं आणि आतनं आंबील! घट्ट, फसफसणारी, बाभळीच्या शेंड्यापर्यंत! वरनं निवत निवत खाली आली ती सगळी कारकुनाच्या अंगावर. टोपीवरून, भुवयांवरून, मिशांवरून ओघळतीय. भाजलं नाही म्हणून बरं.

 आता हा माणूस आमच्यावर फिर्याद करणार!

कारकुनानं मिशी पुसली. जीभ ओठावरनं फिरली. जरा विचार करून म्हणाला, "ताक घातलं नाही वाटतं?"

*

त्या दिवसापासून पिठाला बंदी. मी हळदीवर आले. मूठभर हळद पाण्यात कालवून ओतली की बारीक फट धरायची. चार-आठ दिवस निभायचं. पुन्हा सुटली की पुन्हा हळद. मालक म्हणायचे, "घरात भाजीला हळद न्हाय आन मोटार पिवळी हाय." मी म्हणायची, "भाजी टपाल नेती का?"

*

एकदा मालक पेट्रोलच्या डब्यासाठी मागच्या गावात गेले. मी भाजी पोचवायला वस्तीत गेले होते. मोटारीपाशी एकटा म्हाळू. मोटार नुकती चढ चढून आलेली, झाकणातनं वाफ सोडत उभी. मालकांनी इंजिन बंद केलं नव्हतं, कारण बंद केलं की हँडल मारून मारून खांदा निखळायचा.

परत येऊन बघतो तर मोटार दिसेना! नाकापासून बॉनेटापर्यंत म्हाळूची काळी घोंगडी. कडेनं खोचलेली, गळ्याशी सुतळीनं बांधलेली. आतनं गडगड गडगड आवाज, जसा म्हाताऱ्याचा खोकला.

मालक किंचाळले, "म्हाळ्या! काय केलंस हे?"

म्हाळू शांत. म्हणाला, "मालक, आंगात ताप हाय तिच्या. आन वारं सुटलंय."

*

पाण्यावरून माझं आणि मालकांचं एकदा जोरात वाजलं. निमगावच्या बाजूला रस्त्यालगत एक आड होता. मालक तिथनं पाणी भरायचे, कारण जवळ. मी म्हटलं, "ह्या आडाच्या पाण्यात डाळ शिजत न्हाय. हांड्याला पांढरं किटण धरतं. हे पाणी मोटारीला घालू नका. कालव्याचं बारामतीहून भरून न्यायचं."

"मोटार काय डाळ खाती?"

"हांड्याला किटण धरतं, तर नळ्यांना धरणार न्हाय?"

"तू भाजी बघ, मी मोटार बघतो."

बरं! बघा म्हटलं. दीड महिन्यात मोटार सपाट रस्त्यावर उकळायला लागली. पंखा नीट, पाणी भरलेलं, गळती नाही, तरी उकळतीय. मालकांनी सगळं उघडून बघितलं. मी रात्रभर चिंच भिजत घातली, सकाळी कोळून घागरभर पाणी नाकात ओतलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवायला लावलं आणि खालची तोटी सोडली. पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला. चुन्याच्या भट्टीवर पडतो तसा.

मालकांनी ढीग बघितला.  पुरुषाची जात, चूक झाली असं म्हणणार आहे का?

दुसऱ्या दिवशी जेवताना आमटीची वाटी उचलली, तोंडाशी नेली, आणि खाली बघूनच विचारलं, "ही डाळ कुठल्या पाण्यात शिजवलीस?"

*

पंख्याचा पट्टा तुटल्याची गोष्ट छोटी आहे. सणसरच्या पुढं पट्टा तुटला. पंखा थांबला, पाणी लागलीच खदखदायला लागलं. सुतळी बांधून बघितली, जळाली. म्हाळूचं मुंडासं बांधून बघितलं, फाटलं. उतारूंत एक शाळातपासनीस होते, सुटाबुटातले. मालकांची नजर त्यांच्या कमरेवर गेली. चांगला रुंद चामड्याचा पट्टा!

"साहेब, टपालाचं काम हाय."

साहेब भला माणूस. दिला. पट्टा बसला, पंखा फिरला, थैली वेळेत. साहेब वाटेतल्या गावात उतरले, एका हातानं विजार धरून, कारण पट्टा इंदापूरहून परत येईपर्यंत मिळणार नव्हता.

परतीला आम्ही पट्टा द्यायला शाळेत गेलो. तपासणी चालू होती. साहेब डावा हात कमरेला लावून उभे. समोर मास्तर, त्यांचाही डावा हात कमरेला. आणि मागं ओळीनं पन्नास पोरं, सगळ्यांचा डावा हात कमरेला, उजव्या हातानं सलाम!

मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पुण्याला नवीन कवायत निघालीय वाटतं."

*

आता माझी स्वतःची अक्कल सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यालाच हसते. तो मे महिना. थैलीच्या वेळेवर आमचं सगळं लक्ष, कारण धोंडीशेठनं अर्ज दिल्याचं कानावर आलं होतं.

चिंचेनं नाकाचं आतलं किटण गेलं म्हणून मला चेव चढला. म्हटलं, बाहेरनं पितळ किती काळं पडलंय! धोंडीशेठची मोटार कशी चमकते. पहाटे उठून चिंच आणि राख घेतली आणि नाक घासायला बसले. देवाच्या समईसारखं लखलखीत केलं. तोंड दिसायला लागलं त्यात. म्हाळू लांबनं बघून म्हणाला, "वैनी, जवळ यायला भ्या वाटतंय."

मोटार निघाली आणि तीन मैलांवर उकळली. पाणी ओतलं. पुन्हा दोन मैलांवर उकळली. मालक रस्त्यावर आडवे झाले, नाकाला डोळा लावला आणि म्हणाले, "पलीकडचं कायबी दिसत न्हाय."

दिसणार कुठनं! नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतनं वारं जातं, त्या सगळ्या फटी माझ्या राखेनं बुजल्या होत्या. चिंचेत कालवलेली राख, उन्हात वाळलेली, सिमिटासारखी. बाभळीचा काटा घेऊन आम्ही तिघं एकेक फट कोरत बसलो. थैली बाराला पोचली.

त्या महिन्यातला पहिला उशीर माझ्या हातचा.  मालकांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

*

दुसरा उशीर आठ दिवसांनी.

निमगावच्या अलीकडं एक चढ आहे. मोटार तिथं रोज धापा टाकायची. चढाच्या माथ्याला गावकुसाबाहेरची वस्ती, आणि त्या वस्तीतली सखू. माझ्याच वयाची, काळीभोर, बोलायला माझ्यापेक्षा वरचढ, म्हणजे बघा. त्यांच्या वस्तीपाशी ओढ्यात एक झिरा आहे, त्याचं पाणी गोडं. डाळ शिजते, मी विचारून घेतलं होतं. माझ्या घागरी संपल्या की सखू तिच्या हंड्यातलं पाणी द्यायची. मी तिला भाजी द्यायची. आमचा चांगला रिवाज बसला होता.

त्या दिवशी मागच्या बाकावर एक भटजी. इंदापूरला कुणाच्या वास्तुशांतीला निघालेले. चढावर मोटार उकळली. सखू हंडा घेऊन आली, तसे भटजी उठून उभे.

"थांबा! हे पाणी या गाडीत घालायचं नाही. आम्ही बसलोय तीत."

मालक म्हणाले, "महाराज, पाणी इंजिनात जातं. तुमच्या आंगावर न्हाय येत."

"वाफ येते. वाहन बाटेल."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग तुमी फुंकर घाला इंजिनाला! टपाल खोळंबलंय हितं."

सखूनं हंडा कमरेवर धरूनच मोटार वरपासून खालपर्यंत बघितली. म्हणाली, "महाराज, बाटली तर हितंच सोडून जावा. मी संभाळीन."

सगळी मोटार हसली. भटजी लाल झाले. छत्री उघडली, पळी-पंचपात्राची पिशवी घेतली आणि उतरून भर उन्हात चालत निघाले. जाता जाता दोन पैलवान उतारूंनाही "बघता काय, तुम्हीही उतरा" म्हणून चिथावलं; त्यांची समजूत काढावी लागली. त्या रुसव्याफुगव्यात अर्धा तास गेला. शेवटी सखूचं पाणी घातलं, मोटार गार झाली, आम्ही निघालो.

दीड मैलावर भटजी दिसले. छत्री वाकडी झालेली, पाय ओढत चाललेले. मोटार दिसताच हात वर केला.

मालकांनी वेग कमी केला, थांबवली मात्र नाही. उतारावर थांबवली असती तर पुन्हा उशीर. भटजी पळत पळत फूटबोर्डावर चढले आणि आत बसले.

मी मान वळवून विचारलं, "भटजी, वाहन सोवळं झालं का?"

घाम पुसत म्हणाले, "चालत्या वाहनाला विटाळ नसतो."

थैली साडेअकराला पोचली. दोन झाले. महिन्याचे सात दिवस उरले होते.

*

शेवटच्या दिवशीची गोष्ट मी कधी कुणाला पहिल्यांदा सांगत नाही, शेवटीच सांगते.

महिना संपायला एकच दिवस. सहा दिवस आम्ही मोटार गरोदर बाईसारखी जपत नेली होती. त्या सकाळी बारामती स्टेशनात टपालाचे एक साहेब उतरले. खिशात घड्याळ, हातात वही. म्हणाले, "तक्रार आहे. मी आज तुमच्या गाडीतून येणार आणि स्वतः वेळ टिपणार." मालकांचं तोंड एवढंसं झालं.

त्याच छोट्या गाडीतनं कोंडाआत्या उतरल्या. इंदापूरच्या. साठी उलटलेली, काठीसारखी ताठ बाई. काशी करून आलेल्या. काशीहून परत आलं की मावंदं घालतात, गंगेची पूजा करून गावाला जेवण आणि तीर्थ. आत्यांचं मावंदं त्याच दिवशी दुपारी होतं. बरोबर गंगेची तांब्याची कळशी, तोंडाला झाकण घालून डाग दिलेली, वर लाल फडकं. कळशी मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. म्हाळूनं हात लावायला बघितला तर म्हणाल्या, "लांब! काशीपास्नं खाली ठिवली न्हाय."

सणसरपर्यंत ठीक. लासुर्ण्याला मालक वास घ्यायला लागले. मी वाकून बघितलं. तांबटानं दिलेला जुना डाग सुटला होता, नारळाच्या जागीच! धार लागलेली. हळद ओतली, घरनं आणलेली सगळी. धार थोडी कमी झाली. एक घागर ओतली, दुसरी ओतली. चढावर सखू दोन हंडे भरून उभीच होती. मी म्हटलं, "सखू, आज साहेब हाय आत." तिनं दोन्ही हंडे रिकामे केले.

निमगाव मागं पडलं. पुढं सगळं कोरडं. ना आड, ना ओढा, नुसती बाभळ आणि धुरळा. इंदापूर दोन मैल राहिलं आणि मोटार खाकरायला लागली. मालकांनी थांबवली. नाकात बघितलं. सखूचं पाणी तळाला दोन बोटं उरलेलं.

"पुढं नेली तर इंजिन जाम धरंल," मालक म्हणाले. "कायमचंच."

साहेबांनी घड्याळ काढलं. "वीस मिनिटं आहेत."

धावत न्यायची म्हटली तर थैली मणभर. म्हाळूनं घोंगडी डोक्यावर घेतली आणि खाली बसला.

मी आत्यांच्या मांडीकडं बघितलं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कळशीवर दोन्ही हात ठेवले.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

"आत्या, मी अजून काय बोलले न्हाय."

"तुझं तोंड बोलतंय. तुझ्या मोटारीला मोक्ष द्यायला न्हाय आणली म्या गंगा."

"थैली गेली आत्या, तर ही मोटार गेली. उद्यापास्नं आमी काय खायाचं?"

"मी काशीला गेले ते काय तुमच्या मोटारीसाठी?"

मग माझंही तोंड सुटलं. म्हटलं, "बरं. बसा हितंच. मोटार हलत न्हाय. मावंद्याची पंगत तिकडं इंदापुरात, भावकी तिकडं, भटजी तिकडं, आन तुमी गंगा घेऊन ह्या बाभळीखाली. पूजा करा बाभळीची! म्हाळूला जेवू घाला!"

म्हाळू घोंगडीतनं म्हणाला, "मी जेवीन."

आत्यांनी सूर्याकडं बघितलं. रस्त्याकडं बघितलं. साहेबांनी घड्याळ पुन्हा काढलं तसं त्यांच्यावर खेकसल्या, "ते ठिवा आत!" मग मला म्हणाल्या, "द्यायची न्हाय. उसनी देते. इंदापुरात पोचली की जशीच्या तशी माझी मला परत."

"परत!" मी म्हटलं.

मालकांनी पान्यानं कळशीच्या झाकणाचा डाग उचकटला. आत्यांनी स्वतः उतरून, डोक्यावर पदर घेऊन, "गंगे भागीरथे" म्हणत कळशी मोटारीच्या नाकात ओतली. वाफेचा लोट आला तसे सगळ्या उतारूंनी हात जोडले. साहेबांनीसुद्धा.

मोटार निघाली. ठिबकत, धापत, फुसफुसत निघाली. इंदापूरच्या पोस्टाशी साहेबांनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं आणि वही मालकांच्या पुढं धरली. अकराला चार कमी.

मालक तिथंच पायरीवर बसले. रडले बिडले नाहीत. बिडी काढली आणि उलटी पेटवली.

आत्या कळशी घेऊन मोटारीपुढं उभ्या. "माझी गंगा."

मी तोटी सोडली. कळशी निम्मी भरली आणि धार थांबली.

"निम्मी कुठं गेली?"

 म्हाळूनं आभाळाकडं बोट केलं. "जिथनं आली तितं, आत्या."

आत्यांना ते पटलं.

मावंद्याला आम्हाला आग्रहानं ठेवून घेतलं, साहेबांनाही. पाटावर कळशी, हार, कुंकू. पूजा सांगायला कोण, तर आमचे ते छत्रीवाले भटजी! पूजा झाली, आणि पहिलं तीर्थ भटजींना. त्यांनी ओंजळीत घेतलं, डोळे मिटून प्याले, आणि डोळे उघडले.

"आत्याबाई, गंगा कोमट कशी?"

"काशीला ऊन लई."

भटजींनी तळहात उन्हाकडं धरला. "आणि पिवळी?"

मी पदर तोंडात कोंबला. मालक छत बघायला लागले.

आत्या म्हणाल्या, "गंगा सवाष्ण हाय, भटजी. हळद लावल्याबिगर घराभाईर पडंल का?"

भटजींनी मान डोलावली. ओला हात डोळ्यांना लावला, शेंडीला लावला आणि पुन्हा ओंजळ पुढं केली.

दुसऱ्या दिवशी चढावर सखू वाट बघतच होती. सगळं सांगितलं तिला. हंडा खाली ठेवून तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"किती येळा घेतलं त्यांनी?"

"तीनदा."

सखूनं हंडा पुन्हा कमरेवर घेतला आणि झिऱ्याच्या वाटेला लागली. जाता जाता म्हणाली, "मग उद्यापास्नं दोन हंडं जादा भरून ठिवते."